एकाच घरातील दोन मुले आणि पीकेयू : एक प्रकरण अभ्यास

ओळख पटू नये म्हणून गाव, व्यवसाय आणि काही बारकावे बदलले आहेत. आहाराचे आणि दुधाचे जे प्रमाण पुढे दिले आहे ते त्या-त्या मुलाच्या वजनावर आणि रक्ताच्या आकड्यांवर ठरलेले आहे. दुसऱ्या बाळाला ते जसेच्या तसे लावू नये.

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एका तालुक्यातले कुटुंब. थोडी कोरडवाहू जमीन, वडिलांचा भाड्याचा टेम्पो, घरात आजी-आजोबा. लग्न मामाच्या मुलीशी झालेले, त्यामुळे मुलांच्या आईची सासू हीच तिची सख्खी आत्या. थोरला मुलगा तालुक्याच्या गावी खाजगी प्रसूतिगृहात जन्मला. वजन २.९ किलो, लगेच रडला, अंगावर पिऊ लागला. बीसीजी आणि पोलिओ देऊन तिसऱ्या दिवशी घरी पाठवले. टाचेतून रक्त घेतले गेले नाही. महाराष्ट्रात प्रत्येक नवजात बाळाची चयापचयाच्या आजारांसाठी तपासणी सक्तीची नाही, आणि त्या प्रसूतिगृहात तशी पद्धतही नव्हती.

फेनिलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू, या आजारात यकृतातले फेनिलअ‍ॅलनिन हायड्रॉक्सिलेज हे विकर (एन्झाइम) काम करत नाही. त्याचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर असते. आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच आजार होतो, म्हणजे अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात शक्यता २५ टक्के. दूध, डाळ, अंडे, धान्य अशा प्रथिने असलेल्या प्रत्येक पदार्थात फेनिलअ‍ॅलनिन असते. निरोगी शरीरात वरचे विकर या अमिनो आम्लाचे टायरोसिन करते. ते टायरोसिनमध्ये बदलले नाही की रक्तात साठते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. निरोगी माणसात ते डेसिलिटरला १ ते २ मिलिग्रॅम असते, आजाराच्या तीव्र प्रकारात उपचाराविना २० च्या वर जाते. पोटात असताना नाळेवाटे आईचे शरीर ते काढून टाकते. म्हणून बाळ जन्मतः अगदी ठणठणीत दिसते, आणि नुकसान दूध सुरू झाल्यावर सुरू होते.

समस्या : तीन वर्षे निदान का झाले नाही

थोरला अकराव्या महिन्यात बसला, अडीच वर्षांचा झाल्यावर चालू लागला. शब्द एकही नाही. त्वचा कोरडी, कोपरांच्या आत इसब, रात्री झोप नाही, चिडला की डोके भिंतीवर आपटायचा. एकदा झटकाही आला. घरात सगळे सावळे आणि काळ्याभोर केसांचे, हा मात्र गोरा आणि भुऱ्या केसांचा. नातेवाइकांना त्याचे कौतुकच होते.

ही सगळी चिन्हे पीकेयूची, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा लावला गेला. भुरे केस आणि कमी वजन पाहून ते कुपोषण ठरले. दूध वाढवा, रोज एक अंडे आणि दोन शेंगदाण्याचे लाडू द्या, असा सल्ला मिळाला, आणि आईने तो मनापासून पाळला. एका लाडवात २० ग्रॅम शेंगदाणे धरले तर प्रथिने ५ ग्रॅम, आणि फेनिलअ‍ॅलनिन अडीचशे मिलिग्रॅमच्या वर. या मुलाला पुढे दिवसभरासाठी जी मर्यादा ठरली ती ३०० ची होती. म्हणजे ज्या महिन्यांत त्याची सर्वांत जास्त काळजी घेतली गेली, त्याच महिन्यांत विष सर्वांत जास्त साठले. उपचार सुरू होण्याआधी तो दिवसाला ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने खात होता.

पुढे ‘मुलगे उशिराच बोलतात’, मग ‘स्वमग्नता असावी’, मग झटक्यांचे औषध. वास मात्र कुणीच नोंदवला नाही. मुलाच्या लघवीला आणि घामाला कुबट, उंदरांच्या बिळासारखा वास येतो हे आईने दोन ठिकाणी सांगितले होते. ‘कपडे नीट वाळत नसतील’ असे उत्तर मिळाले. १९३४ मध्ये नॉर्वेत डॉ. अस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी हा आजार शोधला तोही दोन मुलांच्या आईने चिकाटी धरली म्हणून. तिनेही मुलांच्या विचित्र वासाबद्दल पुन्हा पुन्हा विचारले होते. नव्वद वर्षांनंतरही केसपेपरवर ‘अंगाला वेगळा वास येतो का?’ हा प्रश्न छापलेला नसतो.

निदानाची वाट अंगणवाडीतून निघाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. या पथकाने मुलाला विकासातील विलंबाच्या नोंदीसह जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी मागचे सगळे कागद एकत्र मांडून पाहिले आणि रक्ताचे ठिपके टॅंडम मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी, म्हणजे रक्तातली अमिनो आम्ले मोजणाऱ्या तपासणीसाठी, पाठवले. फेनिलअ‍ॅलनिन २६ मिलिग्रॅम, टायरोसिन कमी. मूल तेव्हा तीन वर्षे दोन महिन्यांचे होते, आणि आई सातव्या महिन्याची गरोदर.

पर्याय : पोटातल्या बाळाचे काय

गर्भजल किंवा वारेच्या पेशींची तपासणी करायची तर आधी थोरल्याच्या जनुकातला बदल नेमका माहीत असावा लागतो, आणि वारेची तपासणी साधारण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात होते. ती वेळ केव्हाच गेली होती. त्यामुळे प्रश्न एवढाच राहिला की जन्मल्यावर पहिल्या दहा दिवसांत काय करायचे.

एक मत असे होते की बाळाला आजार आहे असे धरून पहिल्या दिवसापासून अंगावरचे दूध कमी करावे आणि फेनिलअ‍ॅलनिन नसलेली खास पावडर सुरू करावी. हे नाकारले गेले, आणि ते योग्यच झाले. आजार नसण्याची शक्यता ७५ टक्के, आणि निरोगी बाळाला फेनिलअ‍ॅलनिन मिळाले नाही तर त्याची वाढ खुंटते. दुसरे मत : अंगावरचे दूध पूर्ण चालू ठेवायचे, २४ ते ४८ तासांत एक नमुना आणि ७२ तासांच्या सुमारास दुसरा नमुना घ्यायचा, आणि प्रयोगशाळेला आधी फोन करून अहवाल तातडीने मागायचा. पहिल्या २४ तासांच्या आतला नमुना एकटा पुरत नाही. तोवर बाळाच्या पोटात दूध फारसे गेलेले नसते आणि आकडा खोटा-खोटा चांगला येऊ शकतो.

हा दुसरा मार्ग ठरला. त्यात एक उणीव राहिली. पावडरीचा डबा आधी आणून ठेवला नाही, कारण ‘आजार निघाला नाही तर पैसे वाया जातील’. याची किंमत पुढे मोजावी लागली.

कृती : कार्ड, पावसाळा आणि दहावा दिवस

मुलगी जुलैत जन्मली, ग्रामीण रुग्णालयात, वजन २.८ किलो. नमुना म्हणजे छापील वर्तुळे असलेल्या सोख कागदाच्या कार्डवर घेतलेले टाचेतल्या रक्ताचे थेंब. पहिला नमुना तिसाव्या तासाला घेतला आणि तो वाया गेला. प्रयोगशाळेने ‘नमुना तपासण्यायोग्य नाही’ असे कळवले. चुका दोन होत्या. वर्तुळ भरले नाही म्हणून त्याच जागी पुन्हा दुसरा, तिसरा थेंब टाकला होता, त्यामुळे रक्ताचे थर बसले आणि कागदाच्या ठरावीक तुकड्यात रक्त किती हे सांगता येईना. आणि कार्ड ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घातले होते. पावसाळी हवेत आत पाणी सुटले आणि ठिपके फुटले. घरी जायची घाई होती म्हणून ७२ तासांचा नमुना घेतलाच गेला नाही.

दुसरे कार्ड सहाव्या दिवशी घेतले. या वेळी ज्या परिचारिकेने ते घेतले तिची पद्धत पुढे त्या रुग्णालयात सगळ्यांनी उचलली, म्हणून ती सविस्तर देत आहोत. टाच दहा मिनिटे कोमट ओल्या फडक्यात गुंडाळली. स्पिरिट लावून ते पूर्ण वाळू दिले. टाचेच्या मधोमध हाड जवळ असते, म्हणून तिथे न टोचता कडेच्या भागात टोचले. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसला. मोठा थेंब आपोआप लोंबू दिला, टाच दाबून पिळली नाही, आणि कागद थेंबाला एकाच बाजूने एकदाच टेकवला. थेंब मागच्या बाजूपर्यंत झिरपला की नाही ते कार्ड उलटून पाहिले. मग कार्ड आडवे, कशालाही न टेकता, पंख्याच्या थेट झोतापासून आणि उन्हापासून दूर चार तास ठेवले. ठिपके लाल होते ते चॉकलेटी झाल्यावरच कागदी पाकिटात घालून स्पीड पोस्टाने पाठवले.

नवव्या दिवशी अहवाल आला : १८ मिलिग्रॅम. आता एक चूक टाळायची होती. फेनिलअ‍ॅलनिन वाढलेल्या काही थोड्या मुलांत मूळ दोष विकरात नसून त्याला लागणाऱ्या बीएच-४ या सहघटकात असतो. अशा मुलांना नुसता आहार पुरत नाही, मेंदूतील रसायनांची औषधेही लागतात. म्हणून उपचार सुरू करण्याआधी लघवीचा नमुना टेरिनसाठी (बीएच-४ च्या गटातली द्रव्ये) घेतला, नळीला चांदीचा कागद गुंडाळून, कारण उजेडाने तो बिघडतो, आणि बर्फात घालून पाठवला. बीएच-४ पुन्हा तयार करणाऱ्या डीएचपीआर विकराची तपासणी त्याच कार्डच्या उरलेल्या ठिपक्यावरून झाली. दोन्ही अहवाल पुढे ठीक आले.

पावडर मात्र हाताशी नव्हती. दुसऱ्या जिल्ह्यातील एका पीकेयू कुटुंबाने आपला न उघडलेला एक डबा रात्रीच्या एसटीने पाठवला, आणि उपचार दहाव्या दिवशी सुरू झाला. साधारण पहिल्या दहा दिवसांत सुरुवात व्हावी असे मानले जाते, म्हणजे वेळ अगदी काठावर सांभाळली गेली. तो डबा आला नसता तर आणखी आठवडा गेला असता.

अंगावरचे दूध किती आणि कसे

पहिले ४८ तास अंगावरचे दूध पूर्ण थांबवले आणि फक्त पावडरीचे दूध दिले. हे किती काळ चालवायचे यावर चर्चा झाली. मोठ्या शहरात रोज आकडा मिळतो, इथे अहवालाला चार दिवस लागत होते. आकड्याची वाट पाहत थांबलो असतो तर फेनिलअ‍ॅलनिन गरजेपेक्षा खाली गेले असते, आणि ते शून्यावर गेलेलेही चालत नाही : बाळ मलूल होते, पीत नाही, कातडीवर चट्टे येतात, वजन थांबते. म्हणून मुदत आधीच ठरवली. या दोन दिवसांत आईने दर तीन तासांनी दूध पिळून काढले. हे सांगितले नसते तर दूध आटले असते.

त्यानंतर पद्धत अशी : प्रत्येक पाजणीआधी २० मिलिलिटर पावडरीचे दूध, दिवसातून सात वेळा, आणि मग अंगावर हवे तेवढे. पोट आधीच थोडे भरलेले असल्याने बाळ अंगावर आपोआप कमी पिते. आईच्या १०० मिलिलिटर दुधात फेनिलअ‍ॅलनिन साधारण ४५ मिलिग्रॅम असते, गाईच्या दुधात तिपटीहून जास्त. म्हणजे आईचे दूध बंद करण्याचे कारण तर नाहीच, उलट ते चालू राहणे सोयीचे असते. रक्ताचा आकडा वर गेला की पावडरीचे दूध थोडे वाढवायचे, खाली गेला की कमी करायचे. चौदाव्या दिवशीच्या कार्डवर आकडा ५.५ आला. लक्ष्य २ ते ६ चे होते.

थोरल्यावर खर्च करायचा का?

हा सर्वांत कठीण निर्णय होता आणि तो उघडपणे बोलला गेला. पावडर महाग, आणि घरात पैसे एकाच मुलापुरते. आजोबांचे म्हणणे होते की थोरल्याचे नुकसान झालेच आहे, सगळे धाकटीवर लावू. गेलेली बुद्धी परत येत नाही हे खरेच आहे. पण उशिरा सुरू केलेल्या आहारानेही झोप, चिडचिड, स्वतःला मारणे, इसब यांत पुष्कळ फरक पडू शकतो, आणि ज्या घरात एक मूल रात्रभर डोके आपटत असते तिथे दुसऱ्याचा वजन करून दिलेला आहार टिकणे अवघड असते. म्हणून सहा महिन्यांची चाचणी ठरली. रोज किती तास झोप, किती वेळा डोके आपटले, इसबाचे फोटो आणि दर पंधरा दिवसांनी रक्त. नैसर्गिक प्रथिने दिवसाला ६ ग्रॅम, बाकी गरज पावडरीतून, दिवसात तीन वेळा वाटून.

पहिले तीन आठवडे त्याने पावडर थुंकून टाकली. चव कडवट आणि वासही उग्र. शेवटी थंड कोकम सरबतात कालवून, झाकणाच्या पेल्यातून नळीने दिल्यावर जमले. चौथ्या महिन्यात त्याचा आकडा २६ वरून ८ वर आला, रात्री सलग सहा तास झोपू लागला, इसब गेले. मुळाशी केस काळे उगवू लागले, आणि आजोबांचे मत बदलले ते ते केस पाहून. चाचणी पुढे चालू ठेवली.

घर, अंगणवाडी आणि सण

आहाराचा हिशेब ढोबळ नियमावर शिकवला : १ ग्रॅम प्रथिन म्हणजे ५० मिलिग्रॅम फेनिलअ‍ॅलनिन. वाटी आणि चमचा बंद, एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा सुरू. शिजलेला १०० ग्रॅम भात म्हणजे अडीच ग्रॅम प्रथिन, एक मध्यम पोळी म्हणजे ३ ग्रॅम. डाळ, दूध, दही, अंडे, मटण, शेंगदाणे, तीळ पूर्ण बंद. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये प्रथिन ०.२ ग्रॅमच्या आसपास, म्हणून तो आणि आरारूट, कॉर्नफ्लोअर, तूप, तेल, गूळ, साखर मोकळे. इथे एक फसगत झाली. ‘साबुदाणा चालतो’ एवढेच लक्षात राहिले आणि थोरल्याला एकादशीला खिचडी मिळाली, कूट घालून. आकडा १४ वर गेला. आता खिचडीत जिरे, मिरची आणि मोजलेला बटाटा असतो. उपवासाचे आहे म्हणून राजगिरा चालेल असेही घरात वाटत होते. त्यात गव्हाइतकीच किंवा जास्त प्रथिने असतात.

आजीचे सत्र वेगळे घेतले, आणि ते तीन महिने उशिरा घेतले गेले. तोपर्यंत सून एकटी सगळ्यांना अडवत होती. ‘एवढ्याशा ताकानं काय होतंय?’ याला तिच्याकडे ‘आत्या, डॉक्टर नको म्हणालेत’ यापलीकडे उत्तर नव्हते. आजीसमोर रक्ताचे आकडे कॅलेंडरवर लिहून, ताक दिलेल्या आठवड्यापुढे खूण केली. त्यानंतर वजनकाटा आजीच्या ताब्यात गेला. ‘हे सुनेकडून आले’ ही कुजबुजही त्याच दिवशी मिटली. एक प्रत आजीच्या माहेरच्या घराण्यातून सुनेकडे आणि दुसरी त्याच घराण्यातून आजीमार्फत मुलाकडे आलेली असण्याची शक्यता जास्त, हे वंशावळ काढून दाखवले. आजीने स्वतः वहीवर ती पुन्हा काढून घेतली.

अंगणवाडी सेविकेला एका पानाची सूचना दिली. घरपोच आहाराचे पाकीट, अंडे, लाडू, दूध देऊ नये. वजन-उंची नेहमीप्रमाणे घ्यावी. लसी सगळ्या वेळेवर. धाकटीचे उष्टावण साखर-वेलचीच्या साबुदाण्याच्या खिरीने झाले, दुधाविना. संक्रांतीला तिळगुळाऐवजी साबुदाण्यावर चढवलेला काटेरी हलवा वाटला, तोही शेजारपाजारच्या सगळ्याच मुलांना, म्हणजे कुणी वेगळे पडले नाही. दुकानातल्या ‘साखरविरहित’ वस्तूंत आणि पाण्यात विरघळणाऱ्या काही गोळ्यांत अ‍ॅस्पार्टेम असते, त्यातून फेनिलअ‍ॅलनिन मिळते. वेष्टनावर तशी सूचना असते, पण ती इंग्रजीत आणि बारीक. औषध दुकानदाराला तो शब्द कागदावर लिहून दिला.

दोन प्रसंग

आठव्या महिन्यात धाकटीला ताप आला, दोन दिवस तिने काहीच घेतले नाही, तरी आकडा ११ निघाला. ‘खाल्लं नाही तर कमी व्हायला हवा’ असे घरच्यांना वाटले. उपाशीपोटी आणि तापात शरीर स्वतःच्या स्नायूंतली प्रथिने मोडते आणि त्यातलेच फेनिलअ‍ॅलनिन रक्तात येते. आता तापाच्या दिवसांचा कागद चुलीशेजारी लावला आहे : नैसर्गिक प्रथिने कमी, पावडरीचे दूध थोडे-थोडे पण दर दोन तासांनी, साखर घातलेली साबुदाण्याची पेज तुपासह, ताप उतरवणे, आणि बरे वाटताच नेहमीच्या मापावर येणे.

दुसरा प्रसंग पावडर संपत आल्याचा. आजोबांनी डबा पुरवायला चमचे कमी आणि पाणी जास्त केले. कुणाला सांगितले नाही. पाच आठवड्यांत मुलीचे वजन वाढले नाही आणि आकडा चढला. पावडर म्हणजे या मुलांचे प्रथिन. ती पातळ केली की वाढ थांबते आणि शरीर पुन्हा आतून मोडू लागते. चौकशीत रागावण्याऐवजी डब्यांचा साठा विचारला, तेव्हा खरे कळले. त्यानंतर नियम ठरला : ४५ दिवसांचा साठा उरला की फोन करायचा.

पैशाची बाजू अशी की राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये पीकेयू दुसऱ्या गटात, म्हणजे विशेष आहारावर चालणाऱ्या आजारांत येतो, आणि २०२२ च्या सुधारणेनंतर मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत आहे. ही मदत उत्कृष्टता केंद्रामार्फतच, म्हणजे या धोरणाखाली नेमलेल्या रुग्णालयांमार्फतच, मिळते; मुंबईतील केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक. कागद पूर्ण होऊन पावडर हातात येईपर्यंतचे महिने मात्र कुटुंबाला स्वतः काढावे लागले. ते निघाले कर्ज, एका स्थानिक ट्रस्टची मदत आणि इतर पीकेयू कुटुंबांचे उसने डबे यांवर.

परिणाम आणि सद्यःस्थिती

धाकटी आता दोन वर्षांची आहे. सहाव्या महिन्यात बसली, तेराव्यात चालली, दोन शब्दांची वाक्ये बोलते. गेल्या वर्षातले तीन चतुर्थांश आकडे लक्ष्याच्या आत आहेत. कार्ड आई स्वतः घेते. थोरल्याला दहा-बारा शब्द आहेत, हाताने जेवतो, शीघ्र हस्तक्षेप केंद्रात उपचार चालू आहेत आणि दिव्यांग ओळखपत्र मिळाले आहे. बौद्धिक दिव्यांगत्व राहणार आहे.

काय वेगळे करता आले असते

थोरल्याच्या बाबतीत, जन्मानंतर कागदावर घेतलेले काही थेंब पुरले असते. ही पद्धत अमेरिकेत डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रचारात आणली. कारण न कळलेला विकासातील विलंब असलेल्या प्रत्येक मुलाचे फेनिलअ‍ॅलनिन एकदा तपासावे, आणि ते आहार वाढवण्याचा सल्ला देण्याआधी तपासावे, हे त्या जिल्ह्याच्या केंद्राने आता आपल्या तपासणी यादीत घातले आहे.

धाकटीच्या बाबतीत, प्रसूतीआधीच पावडरीचा एक डबा आणि दोन कोरी कार्डे आईच्या पिशवीत हवी होती, आणि उत्कृष्टता केंद्रातली थोरल्याची नोंदणी निदानाच्याच आठवड्यात व्हायला हवी होती. ती चार महिन्यांनी झाली. ७२ तासांच्या नमुन्याशिवाय सुट्टी देऊ नये हे केसपेपरवर लाल शाईत लिहायला हवे होते. आजी-आजोबांना पहिल्याच बैठकीत बसवायला हवे होते.

दोन कामे अजून बाकी आहेत. आईच्या धाकट्या बहिणीचे लग्न नात्यातच ठरत आहे. जनुकातला बदल आता माहीत असल्याने दोघांची वाहक तपासणी (सदोष प्रत अंगात आहे का ते पाहणारी) लग्नाआधी करता येईल, आणि त्याबाबत दोन्ही घरांशी बोलणे सुरू आहे. दुसरे काम लांबचे आहे. धाकटी मोठी होऊन आई होऊ पाहील तेव्हा गर्भ राहण्याच्या आधीपासून तिचा आकडा लक्ष्यात असावा लागेल, नाहीतर बाळाला आजार नसला तरी त्याचे डोके लहान राहण्याचा आणि हृदयात दोष होण्याचा धोका असतो. ही सूचना तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहिली आहे, आणि तिची एक प्रत आईकडे दिली आहे.